कृषिमंत्री, सचिव, आयुक्त, संचालक: राज्याच्या कृषी विभागात कोणता निर्णय कोणाच्या हाती असतो?

शेतीविषयक एखादा निर्णय चुकला किंवा रखडला की दोष सरसकट ‘कृषी विभागा’वर येतो, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच कोणते तरी मोठे कार्यालय उभे राहते. प्रत्यक्षात महाराष्ट्रात या विभागाचा वरचा कारभार मंत्री, सचिव, आयुक्त आणि संचालक अशा चार निराळ्या प्रकारच्या पदांमध्ये वाटलेला आहे. त्यांतील पहिली दोन पदे मुंबईत मंत्रालयात आहेत, तर उरलेली दोन पुण्याच्या कृषी आयुक्तालयात आहेत. चारही पदांचे अधिकार वेगळे आहेत, मर्यादा वेगळ्या आहेत आणि तिथवर पोहोचण्याच्या वाटाही वेगळ्या आहेत. शेतकरी संघटना, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि स्थानिक कार्यकर्ते यांचे कितीतरी श्रम केवळ निवेदन चुकीच्या टेबलावर गेल्यामुळे वाया जातात. म्हणून ही रचना नीट समजून घेणे, हे माझ्या मते योजनांची माहिती असण्याइतकेच गरजेचे आहे.

मुळात शेती हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. केंद्र सरकार योजना आखते, निधी देते, आधारभूत किंमत जाहीर करते आणि बियाणे, खते व कीटकनाशके यांचे कायदे करते. परंतु ते कायदे गावपातळीवर राबवण्याची यंत्रणा राज्याची असते. ही यंत्रणा जुनी आहे. 1880 च्या दुष्काळ आयोगाने प्रत्येक प्रांतात शेतीसाठी स्वतंत्र खाते असावे अशी शिफारस केली आणि मुंबई इलाख्यात 1883 मध्ये असे खाते सुरू झाले. त्या काळी आणि नंतरही बरीच वर्षे खात्याचे प्रमुखपद कृषी संचालकाकडे असे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले आणि पुणे जिल्ह्यातील पिंपळे सौदागर व जातेगाव बुद्रुक या गावांचा सखोल अभ्यास करणारे डॉ. हॅरॉल्ड मॅन हे 1918 ते 1927 या काळात मुंबई इलाख्याचे कृषी संचालक होते. शेतीशास्त्र जाणणारी व्यक्तीच खात्याची प्रमुख असावी, अशी ती परंपरा होती. पुढे खात्याचा पसारा वाढला, अनुदानाच्या योजना आल्या, अनेक विभागांशी समन्वय साधण्याची गरज वाढली आणि संचालकांच्या वर भारतीय प्रशासन सेवेतील आयुक्त आला. आजच्या रचनेची ताकद आणि तिच्यातला ताण या दोन्ही गोष्टींचे मूळ या बदलात आहे.

कृषिमंत्री हा विभागाचा राजकीय प्रमुख असतो. घटनेच्या अनुच्छेद 166 खाली राज्यपालांनी केलेल्या कार्यनियमावलीनुसार विभागाचे विषय मंत्र्याकडे सोपवले जातात आणि त्या विषयांबद्दल विधिमंडळात उत्तर देण्याची जबाबदारी त्याची असते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पी मागण्यांवरील चर्चा या सर्व ठिकाणी मंत्री उत्तर देतो. आयुक्त किंवा संचालक सभागृहात बोलत नाहीत. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांचा, म्हणजे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील विद्यापीठांचा, प्रतिकुलपती म्हणूनही कृषिमंत्रीच काम पाहतो. कुलपती राज्यपाल असतात. धोरणाची दिशा ठरवणे, कोणत्या पिकाला किंवा प्रदेशाला प्राधान्य द्यायचे हे सांगणे, मंत्रिमंडळासमोर प्रस्ताव नेणे ही मंत्र्याची खरी कामे आहेत.

तरीही मंत्र्याने घोषणा केली म्हणजे योजना सुरू झाली, असा अर्थ होत नाही. घोषणेनंतर विभागाला प्रस्ताव तयार करावा लागतो, त्यावर वित्त विभागाची सहमती घ्यावी लागते, गरज असेल तेथे नियोजन विभागाचे अभिप्राय मागवावे लागतात, मोठा किंवा धोरणात्मक विषय असेल तर मंत्रिमंडळाची मान्यता लागते, आणि अखेरीस शासन निर्णय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘जीआर’, निघतो. तो निघाल्यावरही निधी वितरणाचा स्वतंत्र आदेश लागतो. अर्थसंकल्पात तरतूदच नसेल तर पुढच्या अधिवेशनातील पुरवणी मागण्यांची वाट पाहावी लागते. त्यामुळे एखादी घोषणा खरोखर कुठवर आली आहे हे पाहायचे असेल, तर भाषण न पाहता जीआर निघाला का आणि निधी वितरित झाला का, एवढ्या दोन गोष्टी पाहाव्यात.

हा प्रवास ज्याच्या हाताखाली होतो तो अधिकारी म्हणजे कृषी विभागाचा सचिव. ज्येष्ठतेनुसार त्या पदावर सचिव, प्रधान सचिव किंवा अपर मुख्य सचिव दर्जाचा अधिकारी असतो. दर्जा बदलला तरी पदाचे काम बदलत नाही. सचिव हा मंत्र्याचा मुख्य सल्लागार असतो. खालून आलेल्या प्रत्येक प्रस्तावाची नस्ती, म्हणजे फाइल, त्याच्याकडून मंत्र्याकडे जाते, आणि एखादा निर्णय नियमांत बसत नसेल तर तसे स्पष्ट शब्दांत नस्तीवर लिहिणे हे त्याचे कर्तव्य असते. केंद्र सरकारशी पत्रव्यवहार, केंद्रपुरस्कृत योजनांचे वार्षिक आराखडे, न्यायालयांत शासनाची भूमिका मांडणे आणि विभागाच्या अखत्यारीतील महामंडळांवर देखरेख हेही सचिवाकडेच येते. राष्ट्रीय कृषी विकास योजनेसारख्या कार्यक्रमात केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के असतो. त्यातील प्रकल्पांना मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील राज्यस्तरीय समिती मान्यता देते. त्या समितीसमोर विभागाची तयारी कितपत आहे, यावर राज्याच्या पदरात काय पडते हे बरेचसे अवलंबून असते. सचिवाचे नाव बातम्यांत क्वचित येते, पण एखादी योजना कागदावर सदोष उतरली तर तिचे परिणाम पुढची कित्येक वर्षे भोगावे लागतात.

मंत्रालयातील विभाग धोरण ठरवतो आणि पुण्यातील आयुक्तालय ते राबवते. कृषी आयुक्त हा अंमलबजावणी यंत्रणेचा प्रमुख, म्हणजे प्रशासकीय भाषेत ‘विभागप्रमुख’ असतो. आस्थापना, निधीचे जिल्हावार वाटप, योजनांच्या मार्गदर्शक सूचना, लक्ष्यांक आणि त्यांचा आढावा या सर्वांची सूत्रे त्याच्याकडे असतात. या पदाचा आवाका समजण्यासाठी खरीप हंगामाचे उदाहरण पुरेसे आहे. राज्यात खरिपाची पेरणी साधारण 140 ते 150 लाख हेक्टरांवर होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक क्षेत्र सोयाबीन व कापूस या दोनच पिकांनी व्यापलेले असते. त्यासाठी लागणाऱ्या बियाण्यांचा अंदाज, महाबीज (राज्य बियाणे महामंडळ) आणि खासगी कंपन्यांकडील उपलब्धता, केंद्राकडून खतांचे मंजूर होणारे आवंटन आणि ते महिन्यागणिक कोणत्या जिल्ह्यात कधी पोहोचणार याचे वेळापत्रक, हे सारे पाऊस येण्यापूर्वीच जुळवून ठेवावे लागते. जिल्हापातळीवरील बैठकांनंतर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्यस्तरीय खरीप आढावा बैठक होते. तिच्यात मांडले जाणारे आकडे आयुक्तालयात तयार झालेले असतात. जून-जुलैत पावसाने ओढ दिली आणि दुबार पेरणीची वेळ आली, तर हीच सारी जुळणी काही दिवसांत नव्याने करावी लागते. चांगल्या आयुक्ताची कसोटी अशा पंधरवड्यात लागते, असे मला वाटते.

पीक विम्याचे कामही आयुक्तालयातूनच समन्वयित होते आणि सर्वाधिक गैरसमज याच विषयाभोवती आहेत. प्रधानमंत्री पीक विमा योजना 2016 च्या खरिपापासून सुरू झाली. आयुक्तालय योजनेच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवते, पीक कापणी प्रयोगांची, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून केलेल्या उत्पादनाच्या मोजणीची, आकडेवारी एकत्र करते आणि विमा कंपन्यांकडे पाठपुरावा करते. परंतु भरपाईची रक्कम आयुक्त स्वतः ठरवत नाही. महसूल मंडळातील प्रत्यक्ष उत्पादन उंबरठा उत्पादनापेक्षा, म्हणजे त्या पिकासाठी आधीच ठरवलेल्या पातळीपेक्षा, किती कमी आले, यावर ती ठरते, आणि ते प्रयोग महसूल, जिल्हा परिषद व कृषी या तिन्ही यंत्रणांचे कर्मचारी मिळून करतात. 2025 च्या खरिपापूर्वीच्या नियमांनुसार हंगामाच्या मध्यात प्रतिकूल परिस्थिती ओढवली तर त्याची अधिसूचना जिल्हाधिकारी काढत. म्हणून विम्याबाबतचे गाऱ्हाणे आधी तालुका व जिल्हास्तरीय तक्रार निवारण समितीकडे नोंदवून, त्या नोंदीसह आयुक्तालयाकडे गेले तरच त्याला वजन येते. थेट मंत्र्याला दिलेले निवेदनही शेवटी फिरून त्याच समितीकडे जाते.

आयुक्ताच्या हाताखाली कृषी संचालक असतात. विस्तार व प्रशिक्षण, निविष्ठा (बियाणे, खते, कीटकनाशके) व गुणनियंत्रण, फलोत्पादन, मृदसंधारण व पाणलोट क्षेत्र व्यवस्थापन, प्रक्रिया व नियोजन आणि आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) अशी त्यांची कामांनुसार विभागणी आहे. हे अधिकारी कृषी पदवीधर असतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवा परीक्षेतून उपसंचालक, तालुका कृषी अधिकारी किंवा कृषी अधिकारी अशा पदांवर आलेले आणि बढत्यांच्या पायऱ्या चढत वर पोहोचलेले असतात. खरिपातली कीड, मातीचा पोत, एखाद्या तालुक्यातील विक्रेत्यांची रीत, खात्यातली जुनी परिपत्रके हे सारे यांना ठाऊक असते. आयुक्त बदलत राहतात, पण खात्याची स्मरणशक्ती संचालकांकडे असते. आणि तरीही या चार पदांपैकी सामान्य वाचकाला सर्वांत कमी माहीत असलेले पद हेच आहे.

निविष्ठा व गुणनियंत्रण संचालकाचे पद तर विशेष लक्ष देण्यासारखे आहे, कारण शेतकऱ्याच्या खिशाशी आणि कधी कधी जिवाशीही त्याचा थेट संबंध येतो. 1966 चा बियाणे अधिनियम, 1968 चा कीटकनाशके अधिनियम, 1983 चा बियाणे नियंत्रण आदेश, 1985 चा खत नियंत्रण आदेश आणि राज्याचा 2009 चा कापूस बियाणे अधिनियम यांची अंमलबजावणी या शाखेकडून होते. गुणनियंत्रण निरीक्षक दुकानांतून आणि गोदामांतून नमुने घेतात, ते प्रयोगशाळेत जातात, नमुना अप्रमाणित आला तर विक्री बंद करण्याचा आदेश, परवाना निलंबन किंवा न्यायालयात खटला अशी पुढची कारवाई होते. राज्यस्तरीय परवाने आयुक्तालयातून दिले जातात, तर किरकोळ विक्रेत्यांचे परवाने जिल्ह्यातून. परवाना रद्द करण्याचा आदेश हा सुनावणी घेऊन द्यावा लागणारा अर्धन्यायिक निर्णय असतो आणि त्याविरुद्ध अपील करता येते. त्यामुळे निरीक्षकाने पंचनामा ढिसाळ केला, नमुना घेताना नियम पाळले नाहीत किंवा अहवाल मुदतीत आला नाही, तर पुढे खरोखर दोषी असलेली कंपनीही सुटते. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेत शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कोणत्या दुकानात काय विकले जाते, कोणती मिश्रणे मान्यतेविना वापरली जातात, यावर देखरेख ठेवणाऱ्या या शाखेचे महत्त्व त्या घटनेने सर्वांसमोर आणले.

बियाणे उगवले नाही तर काय करावे, हा दर जूनमध्ये विचारला जाणारा प्रश्न याच शाखेचा आहे. तक्रार लेखी स्वरूपात तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायची असते; सोबत खरेदीची पावती, पिशवी आणि तिच्यावरील लेबल जपून ठेवायचे असते. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेताची पाहणी करून पंचनामा करते आणि त्याची प्रत शेतकऱ्याला मिळाली पाहिजे. कृषी विभाग विक्रेत्यावर किंवा उत्पादकावर कारवाई करू शकतो, परंतु शेतकऱ्याला भरपाई मिळवून देण्याचा हमखास मार्ग सर्वच कायद्यांत नाही. म्हणून ग्राहक आयोगाकडे जाण्याचा पर्याय खुला राहतो. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक ठरतो आणि ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केले आहे. समितीचा पंचनामा तेथे मोलाचा पुरावा ठरतो.

विस्तार संचालकाकडे कृषी विद्यापीठांतले संशोधन शेतापर्यंत नेण्याचे काम आहे, तर आत्मा संचालक शेतकरी गट, प्रशिक्षणे आणि शेतीशाळा यांकडे पाहतो. फलोत्पादन संचालकाचा कार्यभार मात्र राज्याच्या अर्थकारणासाठी मोठा आहे. 1990 मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घातली आणि आंबा, काजू, डाळिंब, सीताफळ अशा फळांखालील क्षेत्र झपाट्याने वाढले. पैसा रोजगार हमीचा, कलमे आणि तांत्रिक सल्ला कृषी खात्याचा, राजकीय इच्छाशक्ती मंत्रिमंडळाची अशी ती जुळणी होती. चारही पदांनी एकाच दिशेने काम केले तर कोरडवाहू माळरानाचेही रूप पालटू शकते, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा सापडणे कठीण आहे.

मृदसंधारणाची गोष्ट थोडी वेगळी आहे. 2017 मध्ये मृद व जलसंधारण हा स्वतंत्र विभाग झाला आणि त्याचे आयुक्तालय छत्रपती संभाजीनगरला गेले. तेव्हापासून बांधबंदिस्ती, नालाबांध अशा कामांबाबत अर्ज करताना काम नेमके कोणत्या यंत्रणेचे आहे हे आधी पाहावे लागते.

पुण्याच्या खाली विभागीय कृषी सहसंचालक येतात. महसुली विभाग सहा असले तरी कृषी खात्याचे विभाग आठ आहेत: ठाणे, नाशिक, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अमरावती आणि नागपूर. त्यामुळे अहिल्यानगर जिल्हा महसुलाला नाशिक विभागात, पण कृषीला पुणे विभागात येतो, आणि साताऱ्याच्या शेतकऱ्याचे अपील पुण्याऐवजी कोल्हापूरला जाते. जिल्ह्यात जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, ज्यांना सगळे ‘एसएओ’ म्हणतात, त्यांच्याखाली उपविभागीय, तालुका आणि मंडळ कृषी अधिकारी अशी साखळी असते. तालुका कृषी अधिकारी हे कार्यालय 1 जुलै 1998 च्या पुनर्रचनेतून आले. त्याआधी विस्तार, मृदसंधारण, फलोत्पादन यांची वेगवेगळी दारे शेतकऱ्याला ठोठवावी लागत, ती एका छताखाली आणण्याचा तो ‘एक खिडकी’ प्रयत्न होता. मला तो खात्याच्या इतिहासातील सर्वांत शहाणा प्रशासकीय निर्णय वाटतो.

त्याच जिल्ह्यात जिल्हा परिषदेचा कृषी विकास अधिकारी हा आणखी एक अधिकारी असतो. तो मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नियंत्रणाखाली काम करतो. अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि अनुसूचित जमातींच्या शेतकऱ्यांसाठीची बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना या त्याच्यामार्फत राबवल्या जातात. विहिरीच्या अनुदानाचा अर्ज तालुका कृषी कार्यालयात विचारत राहणाऱ्याला उत्तर मिळत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते. तो विषय पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे असतो.

याहून मोठा गोंधळ विभागांच्या सीमारेषांवर होतो. कांद्याचे किंवा सोयाबीनचे भाव पडले की कृषी आयुक्तालयावर मोर्चे जातात, पण बाजार समित्या आणि त्यांचे नियमन पणन, म्हणजे शेतमालाच्या विक्रीव्यवस्थेच्या, विभागाकडे आहे आणि त्यासाठी पुण्यातच पणन संचालक स्वतंत्रपणे बसतात. उसाची थकीत रक्कम हा साखर आयुक्तांचा विषय आहे. अतिवृष्टीच्या नुकसानीचे पंचनामे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात, मात्र मदतीची रक्कम महसूल यंत्रणेमार्फत, मदत व पुनर्वसन विभागाच्या निर्णयानुसार येते. कालव्याचे पाणी जलसंपदा विभागाचे, पंपाची वीज ऊर्जा विभागाची. कृषिमंत्र्याने या सर्वांसाठी मंत्रिमंडळात आवाज उठवावा ही अपेक्षा योग्यच आहे, पण त्याच्या सहीने यातले काही मंजूर होत नाही.

आता त्या जुन्या ताणाकडे वळतो. आयुक्त प्रशासन सेवेचा आणि संचालक तांत्रिक सेवेचे, या रचनेविषयी खात्यात दोन मते आहेत. प्रशासन सेवेतील अधिकारी वित्त, महसूल, ऊर्जा अशा विभागांशी बरोबरीने बोलू शकतो, जिल्हाधिकाऱ्यांकडून काम करून घेऊ शकतो आणि मंत्रालयाचे काम कसे चालते हे जाणतो, हे पहिल्या बाजूचे म्हणणे खरे आहे. शेतीचे चक्र समजायलाच एक पूर्ण वर्ष जाते आणि तेवढ्यात बदली होते, हे दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच खरे आहे. राज्याच्या 2005 च्या बदल्यांच्या कायद्यात सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा धरला आहे आणि भारतीय प्रशासन सेवेसाठी 2014 च्या सुधारित नियमांत किमान दोन वर्षांची तरतूद आहे, तरी मुदतपूर्व बदल्यांसाठी वाटा मोकळ्या राहतात. माझ्या मते वाद आयुक्त कोणत्या सेवेचा असावा यावर फार काळ घुटमळतो. अधिक नुकसान संचालकांची पदे प्रभारी ठेवल्याने होते. एकाच संचालकाकडे दोन-दोन शाखांचा अतिरिक्त कार्यभार असला, की गुणनियंत्रणाच्या सुनावण्या लांबतात, नमुन्यांचा पाठपुरावा मागे पडतो आणि हंगाम निघून जातो. हंगाम गेल्यावर मिळालेला न्याय शेतकऱ्याच्या फारसा कामाचा नसतो.

पदोन्नतीची साखळीही येथेच अडते. संचालकाचे पद रिकामे राहिले की सहसंचालक वर जात नाहीत, अधीक्षक कृषी अधिकारी सहसंचालक होत नाहीत, आणि तालुक्यातली पदेही प्रभारींवर चालतात. म्हणून लोकप्रतिनिधींना निवेदन देणाऱ्या संघटनांनी योजनांच्या मागण्यांसोबत आणखी तीन प्रश्न विचारावेत: आपल्या विभागाचे सहसंचालक पूर्णवेळ आहेत का, आपल्या पिकाशी संबंधित संचालनालयाचा कार्यभार कोणाकडे आहे, आणि तो किती महिन्यांपासून अतिरिक्त आहे. याची उत्तरे सभागृहातील एका प्रश्नाने किंवा माहिती अधिकाराच्या एका अर्जाने मिळू शकतात, आणि तो अर्ज मंत्रालयाऐवजी पुण्याच्या आयुक्तालयातील आस्थापना शाखेच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे केला तर हस्तांतरणात जाणारे दिवसही वाचतात.